लग्नातले दात

माझ्या भाच्याला पहिले दात आले ते वरचे, आणि अख्ख्या भावकीला माझी काळजी लागली.

आमच्याकडं समज असा की बाळाला आधी खालचे दात यावेत. वरचे आधी आले तर ते मामाला जड जातात. मामा म्हणजे मी, आणि तोही एकुलता एक, त्यामुळे हे ओझं वाटून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. मोहोळहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज इतका उतरला होता की मला वाटलं, घरात काहीतरी वाईट घडलं.

"दादा, तू बरा हायस न्हवं?"

"मला काय धाड भरलीय?"

"बाळाला दात आलं."

"मग पेढं वाट की."

"वरचं आल्यात रं," ती म्हणाली.

मी सोलापुरात सात रस्त्याजवळ कूलर आणि पंखे विकतो, दुरुस्तही करतो. मोटार बंद पडली की मी ती उघडून बघतो, मालकाच्या मामाला बोलावून घेत नाही. हे मी बहिणीला बोलूनही दाखवलं. पण बायकांपुढं माझं कधी काही चाललंय? तिच्या सासूबाईंचे निरोपावर निरोप आले. मामानं बाळाचं तोंड थेट बघायचं नाही, आधी तेलात बघायचं. मामानं चांदीची वाटी द्यायची. तोवर मोटारसायकल जपून चालवायची. शेवटी वाटी घेऊन मोहोळला गेलो, परातीतल्या गोडेतेलात वाकून बघितलं, तर त्यात ते गोल तोंड खदाखदा हसत होतं. वरच्या हिरडीला दोन दात होते, कुत्र्याच्या पिल्लासारखे टोकदार. मला जरा नवल वाटलं, पण बोललो नाही. पोराचं रूप बघून मी विरघळलो होतो.

त्याच आठवड्यात दुकानात शिडीवरून माझा पाय घसरला आणि घोटा सुजला. मला कण्हायलाही वेळ मिळाला नाही, सगळे इतके खूश झाले. चला, थोडक्यात भागलं, आता मामावरचं उतरलं!

आज आठवलं की हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो. आम्ही सगळे त्या वरच्या दोन दातांकडं बघत बसलो आणि खालच्या हिरडीकडं कुणी बघितलंच नाही. पोर दोन वर्षांचं झालं तरी खाली एक दात नव्हता. वर त्या दोघांच्या बाजूला आणखी एकदोन सुळे आले, तेही तसेच टोकदार. बहिणीनं विचारलं की प्रत्येकजण सांगायचा, येतील, काहींना उशिरा येतात. जावळ काढायच्या वेळी मी त्याला मांडीवर घेऊन बसलो, तर न्हाव्याला वस्तरा कुठं लावावा तेच कळेना. मक्याच्या कणसाला असतात तसे चार धागे डोक्यावर. त्यानं दोनदा हात फिरवला आणि म्हणाला, "झालं." आम्ही हसलो. दक्षिणा पूर्ण दिली.

उन्हाळ्यात मात्र हसू येईना. फाल्गुन संपत आला की पोर तापायचं. अंग भट्टीसारखं, कातडी कोरडी ठणठणीत. औषध दिलं की तेवढ्यापुरतं बरं, पुन्हा दुपारी ताप. मोहोळला वीज जायची म्हणून बहीण त्याला घेऊन माझ्याकडं सोलापूरला यायची. पोर दुकानात आलं की दुरुस्तीला आलेल्या कूलरपुढं ठाण मांडायचं. टाकीत हात घालून पाणी अंगावर घ्यायचं, सदरा भिजवायचं आणि वाऱ्यापुढं डोळे मिटून बसायचं. गिऱ्हाईकं म्हणायची, मालक, तुमचा भाचा लई हुशार हाय की. मलाही तेच वाटायचं. सोलापूरचा उन्हाळा हा माझा अन्नदाता. चैत्र तापला तरच माझी चूल पेटते. तो उन्हाळा आपल्या घरातल्या एका पोराच्या जिवावर उठलाय, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

ते एका बाईंच्या ध्यानात आलं. त्या दुपारी त्या आपला कूलर न्यायला आल्या होत्या. मी पंपाची वायर जोडत होतो, भाचा त्यांच्याच कूलरच्या टाकीतलं पाणी डोक्यावर ओतून घेत होता आणि बहीण त्याला ओढत होती. बाई कूलर सोडून पोराकडंच बघत राहिल्या. मग खाली बसल्या, त्याला हसवलं, त्याच्या तोंडात डोकावल्या आणि बहिणीला विचारलं, "याला घाम येतो का?"

बहीण गोंधळली. कुणी असलं विचारतं का? ती म्हणाली, "न्हाय बघा, कदी आलेला बघितला न्हाय."

"तुम्ही जरा हसता का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. परक्या बाईनं दुकानात येऊन माझ्या बहिणीला हस म्हणावं, म्हणजे काय? "तुम्ही कूलर न्यायला आलात ना बाई?" मी म्हणालो.

"हो," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि माझ्या कूलरचं पाणी तुमचा भाचा अंगावर घेतोय, त्याला कारण आहे. मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. उद्या याला घेऊन या."

बहिणीच्या वरच्या दातांतला एक दात तांदळाच्या दाण्याएवढा आहे. लहानपणी मी तिला त्यावरून चिडवायचो. डॉक्टरबाईंना तोच बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या दवाखान्यात जबड्याचा फोटो काढला. पडद्यावर पोराचा जबडा दिसत होता. आम्हाला त्यातलं काय कळणार? बाईंनी पेनचं टोक खालच्या जबड्यावर फिरवलं. "इथं हिरडीच्या आत दातांचे कोंभ दिसायला हवे होते. खाली एकही नाही. वर थोडे आहेत." मग त्यांनी समजावलं. बाळ पोटात घडत असतं तेव्हा केस, कातडी, घामाच्या ग्रंथी आणि दात हे सगळं एकाच थरातून तयार होतं. याच्यात तिथंच कमी पडलंय. हे क्वचित आढळतं. संसर्गाचं नाही, बुद्धीला काही धक्का नाही. पण अंगातली उष्णता घामावाटे बाहेर पडत नाही म्हणून उन्हात ताप चढतो. त्या वेळी गरम पांघरूण घालायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, कपडे भिजवायचे, वाऱ्याला ठेवायचं. "हा जे तुमच्या दुकानात करत होता ना," त्या हसून म्हणाल्या, "तेच बरोबर होतं."

"आणि दात?" बहिणीनं विचारलं.

"येणार नाहीत. आपण करून बसवायचे. चावायला शिकायचं आणि बोलणं बसायचं हेच वय आहे. नुसत्या पातळ खाण्यावर हा वाढणार नाही. तोंड वाढेल तशी कवळी बदलत जायची. मोठा झाला की पक्के दात बसवता येतील."

मग त्यांनी सर्वांत अवघड वाक्य बोलून टाकलं. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडं येतो, आईच्या अंगावर नुसती खूण असते, यात आईची काही चूक नसते. पुढचं बहिणीला ऐकू आलं की नाही कोण जाणे. घरी आल्यावर ती ओट्याला धरून रडली. मोहोळला काय सांगू, हे एकच तिच्या तोंडात होतं.

मोहोळला मीच सांगितलं, तिच्या सासूबाईंना, दाजींसमोर. मी भांडायच्याच तयारीनं गेलो होतो. बहिणीला कुणी एक शब्द बोललं असतं तर मी तिथंच आवाज चढवला असता. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्याचं नाक आमच्यावाणी, डोळं तुमच्यावाणी. तवा कुणी कुणाला जाब इचारला व्हय? तिला म्हणावं, पोराकडं बघ, हिकडची काळजी करू नगंस." तेलाची परात माझ्यापुढं ठेवणारी हीच बाई. मी त्यांना वाकून नमस्कार केला, आणि तसा मी कुणापुढं सहज वाकत नाही.

मैंदर्गीला वडिलांना सांगणं राहिलं होतं. आई जाऊन काही वर्षं झालीत. आप्पा एकटेच राहतात, थोडं रान आणि चार शेरडं सांभाळत. बोलताना अर्धं मराठी, अर्धं कानडी, जसं तोंडाला येईल तसं. मी, बहीण आणि भाचा, तिघं गेलो. मी त्यांना दातांचं सांगत होतो, कवळीचं सांगत होतो, पण आप्पा दुसऱ्याच कशात तरी अडकले होते.

"घाम येत न्हाय म्हणाली का ती बाई?"

"व्हय आप्पा."

ते शेरडांकडं बघत बसले. मग बोलू लागले. माझ्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, हे मला माहीत होतं. तापानं गेला, एवढंच आई सांगायची आणि विषय बदलायची. "त्याला बी दात न्हवतं," आप्पा म्हणाले. "वरीस उलटून गेलं तरी न्हवतं. उनाळ्यात ताप आला. तुज्या आईनं न् मी घोंगड्यात गुंडाळला त्याला, घाम यावा म्हणून. ताप उतरायला घाम याय पायजे म्हणत्यात की. एकावर एक, दोन घोंगडी. घाम येणारच न्हवता रं त्याला. आमीच शिजिवला."

बहिणीनं त्यांचा हात धरला. मी उठून शेरडांना पाणी दाखवायला गेलो. परत आलो तर आप्पा नातवाचा सदरा काढून ओल्या पंच्यानं त्याची पाठ पुसत होते, आणि पोर गुदगुल्या होतात म्हणून ओरडत होतं. माणूस सत्तरीच्या पुढं काही शिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्या आप्पांना त्या दुपारी बघायला हवं होतं.

आता आप्पांच्या कवळीचं सांगायला हवं. त्यांच्या स्वतःच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. अक्कलकोटला कवळी करून घेतली त्याला बरीच वर्षं झाली, पण ती असायची ट्रंकेत, पितळी डबीत, फेट्याच्या शेजारी. रोजचं जेवण हिरड्यांवर. कुणाचं लग्न निघालं की फेटा बाहेर यायचा आणि डबीही. लग्नात फोटो निघतात, चार पाहुण्यांशी बोलायचं असतं, पंगतीला बसायचं असतं. लग्न लागलं, जेवण झालं की घरी येऊन आधी चपला काढायच्या, मग कवळी. त्यात त्यांना वेगळं काही वाटत नसे. गावातले त्यांच्या वयाचे बरेचजण तसंच करतात. नातवाला त्या डबीचं भारी आकर्षण. "आज्जा, दाव की," म्हणून मागं लागायचा, आणि आप्पा डबी उघडून दाखवायचे. "हे बग हल्लु," म्हणायचे. हल्लु म्हणजे कानडीत दात. "हे लग्नातलं हल्लु हायत."

भाच्याची कवळी करायची म्हणजे आधी माप घ्यायचं, आणि माप म्हणजे तोंडात थंडगार गुलाबी लगदा भरून तो घट्ट होईपर्यंत धरून ठेवायचा. साडेतीन वर्षांचं पोर ते कशाला करू देईल? मी तर एका फटक्यात काम उरकायला निघालो होतो. मी धरतो, तुम्ही भरा, असंही बाईंना म्हणालो. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गुमान खुर्चीत बसलो आणि पोराला मांडीवर घेतलं. पहिल्या खेपेला त्यांनी फक्त आरसा दाखवला. दुसऱ्या खेपेला त्यांनी लगदा कालवला आणि पोराच्या अंगठ्याचं माप घेतलं. मग माझ्या अंगठ्याचं. त्यातून पांढरे दगडी अंगठे तयार करून दिले, ते खिशात घालून पोर आठवडाभर मिरवलं. पुढच्या खेपेला त्यानं स्वतःच तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, माझं बोट त्यानं मुठीत आवळलं होतं, पण तोंड उघडंच ठेवलं. बाई सारखं म्हणत होत्या, "झालंच हं राजा, शाबास, झालंच." मी चिडका माणूस आहे, मला सबुरी ठाऊक नाही. ती काय चीज असते हे मी त्या खुर्चीत बसून पाहिलं.

दात तयार झाले. खाली पूर्ण कवळी, वर दोन्ही बाजूंना थोडे दात, आणि ते टोकदार दात भरून सारखे केलेले. इतकी इवलीशी कवळी मी कधी बघितली नव्हती. बसवल्यावर पोरानं आरशात बघितलं. गाल वर आले होते, ओठ बाहेर आले होते. तो हसला, आणि मला त्याच्यात माझी आई दिसली. बहीण रडायला लागली, मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाई म्हणाल्या, दिवसभर घालायची, झोपताना काढून पाण्यात ठेवायची.

घरी पोचलो. पोरानं कवळी काढली, मोरीत नेऊन धुतली आणि आईच्या हातात दिली. "ठिव," म्हणाला.

त्या दिवसापासून आमची परीक्षा सुरू झाली. सकाळी बहीण कवळी पुढं करायची. तो विचारायचा, "कुणाचं लगीन हाय?" आम्ही हसायचो. पोरांच्या तोंडाला काहीही येतं. "लगीन न्हाय रं, भाकरी खायचीय," बहीण म्हणायची. मग तो मान हलवून निघून जायचा. जबरदस्तीनं घातली तर धुऊन परत आणून द्यायचा. फेकली असती, तोडली असती तर समजलं असतं. हा नीट धुऊन, फडक्यात गुंडाळून आणून द्यायचा. मी ओरडलो, आमिष दाखवलं, पुन्हा ओरडलो. मोहोळहून दाजी दर रविवारी यायचे, ते समजावून थकले. खाणं पुन्हा खीर, पेज आणि मऊ भातावर आलं. वजनाचा काटा जागचा हलेना.

"जबरदस्ती करू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण सोडूही नका. आता सवय लागली नाही तर पुढं फार अवघड जाईल." दोन महिन्यांत त्याला शाळेत घालायचं होतं. बहिणीनं त्यासाठीच सोलापुरात राहायचं ठरवलं होतं, डॉक्टर जवळ असावेत म्हणून. ती मला म्हणाली, "दादा, डब्यात काय दिऊ त्याला? सगळी पोरं चपाती खात बसतील आन् हा पेज पिणार? म्हातारा म्हणतील रं त्याला." तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. माझ्या दुकानात वायरींचा गुंता असतो, तो सुटतो. हा कुठून धरावा तेच मला कळत नव्हतं.

अशात अक्कलकोटला भावकीतलं लग्न निघालं. आम्हा सगळ्यांना बरोबर न्यावं म्हणून आप्पा आदल्या दिवशीच सोलापूरला आले. सकाळी फेटा बांधून झाला आणि त्यांनी पितळी डबी काढली. ती बघताच भाचा आत पळाला, फडक्यात गुंडाळलेली कवळी घेऊन आला आणि आईपुढं तोंड उघडून उभा राहिला.

बहिणीनं ती घाईघाईनं बसवली. लग्नात तो दिवसभर कवळी घालून हिंडला. पंगतीत आप्पांच्या शेजारी बसला, पुरी खाल्ली, भजं खाल्लं. भजं! बहीण माझ्याकडं बघून सारखी डोळे पुसत होती. मी तर मनातल्या मनात शाळेचा डबाही भरून टाकला.

संध्याकाळी घरी आलो. आप्पांनी चपला काढल्या, फेटा काढला, खाटेवर बसून कवळी काढली आणि डबीत ठेवली. भाचा त्यांच्या शेजारी बसला, त्यानंही काढली आणि फडकं मागितलं.

"अरं काढू नगंस की," बहीण कळवळून म्हणाली. "किती छान खाल्लंस आज! का काढतोस?"

पोरानं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिलाच काही कळत नाही. "लगीन झालं की, आई."

आम्ही सगळे आप्पांकडं बघू लागलो. आप्पा त्यांच्या हातातल्या डबीकडं बघत होते. पोर हट्टी नव्हतंच. त्याला घरातल्या मोठ्या माणसाकडून जे कळलं होतं ते तो अगदी काटेकोर पाळत होता. चांगली वस्तू, जपून ठेवायची, लग्नात वापरायची. महिनाभर तो रोज सकाळी आम्हाला विचारत होता की आज लग्न आहे का, आणि आम्ही त्याला हसत होतो. आप्पांना कुणापुढं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि न जेवताच पडले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आप्पा कवळी घालून बसले होते. अंगात साधी बंडी, डोक्याला काही नाही, आणि तोंडात दात. भाचा उठून आला आणि थबकला.

"आज्जा, कुणाचं लगीन हाय?"

"आपल्याकडं आता रोजच लगीन हाय," आप्पा म्हणाले. "जा, तुजं हल्लु आण."

आप्पा मैंदर्गीला परत गेले नाहीत. शेरडांचं काय, विचारलं तर म्हणाले, शेजारचा बघतोय की. ज्या माणसाला माझ्या घरात दोन दिवस करमत नाही, कूलरच्या आवाजानं झोप येत नाही अशी ज्याची रोजची तक्रार, तो सगळा उन्हाळा माझ्याकडं राहिला. सकाळी दोघं मोरीपुढं उभे राहून कवळ्या धुवायचे. जेवायला समोरासमोर बसायचे. आप्पा एक घास चावायचे, पोर एक घास चावायचं. पहिले काही दिवस भात, मग चपाती, मग काकडी. दुपारी पोराचा सदरा भिजवणं आणि त्याला वाऱ्याला बसवणं हे काम आप्पांनी स्वतःकडं घेतलं होतं, त्यात ते कुणालाही हात लावू देत नसत. काट्यावर पोराचं वजन हललं त्या दिवशी डॉक्टरबाईंनी स्वतः टाळ्या वाजवल्या. शाळेतही तो डबा खाऊ लागला. कुणी दातांबद्दल विचारलं तर म्हणायचा, माझ्या आज्जाचे पण असेच हायत.

आप्पांच्या तोंडात काय चाललंय याची मात्र कुणालाच कल्पना नव्हती. ते डॉक्टरबाईंनी पकडलं. पोराला दाखवायला गेलो होतो, आप्पा सोबत होते आणि तोंडाच्या एकाच बाजूनं बोलत होते. बाई म्हणाल्या, "आजोबा, आ करा बघू." आप्पा नको नको म्हणत राहिले, पण त्या कुठल्या ऐकतात! जुनी, सैल झालेली कवळी, इतकी वर्षं सणासुदीला वापरलेली, आता दिवसभर घासून हिरडीला जखमा झाल्या होत्या.

"किती दिवस झाले हे?" बाई रागावल्या. "सांगितलं का नाही? इतकं दुखत असताना घालायचीच कशाला?"

"मी काढली तर त्यो काढंल की, बाई," आप्पा म्हणाले.

बाईंनी कवळीची टोचणारी कड घासून दिली, लावायला मलम दिलं आणि नवीन करून घ्यायला सांगितलं. तोवर आठवडाभर घालायची नाही, असंही बजावलं. आप्पांनी मान डोलावली. घरी आल्यावर पुन्हा घालून बसले.

मी भांडलो त्यांच्याशी. माझ्याजवळ प्रेम दाखवायचा तेवढा एकच मार्ग आहे. "आप्पा, आता लागलीय त्याला सवय. काढा ती." ते म्हणाले, "एक पोरगं गेलं माज्या हातनं. ह्याला न्हाय जाऊ देणार." मी आत जाऊन पंखा वाढवला.

माझ्या भाच्याला खाली दात येणार नाहीत, घाम येणार नाही, हे आता आमच्या घरात पाऊस आणि वीज यांच्यासारखं बोललं जातं. त्याच्या वाढीबरोबर कवळ्या बदलत जातील, पुढं मोठे इलाज होतील, प्रत्येक चैत्रात आम्ही पुन्हा पाण्याची बादली घेऊन सज्ज असू. हे सगळं व्हायचं आहे. पण कोण कुठली बाई आपला कूलर न्यायला आली आणि आमच्या पोराकडं नीट बघून गेली, ती मोहोळची माऊली जाब न विचारता पाठीशी उभी राहिली, हे मी रोज आठवतो. देवापुढं हात जोडले की आधी ही माणसंच डोळ्यांपुढं येतात. आणि आप्पा.

बाईंनी आप्पांना कवळी घालू नका म्हटलं, त्याच आठवड्यातल्या एका दुपारची गोष्ट. शाळेला सुट्टी होती. बहिणीनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली होती. आप्पांसाठी ती भाकरी म्हणजे शिक्षाच होती, पण पोरानं पहिल्यांदाच मागितली होती, म्हणून तेही ताटावर बसले. एक तुकडा तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. त्यांनी हात गालाला लावला आणि पटकन खाली घेतला. पोर बघत होतं.

"आज्जा, दुखतंय?"

"न्हाय रं."

"दुखतंय. बाईंनी काढ म्हटलंय."

"मी काढली की तू बी काढशील."

पोरानं विचार केला. खरंच केला, भाकरी ताटात ठेवून. मग म्हणाला, "मी न्हाय काढत. तू काढ, आज्जा. मी चावतो की."

आप्पांनी आधी बहिणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी काढा म्हणून मान डोलावली. त्यांनी कवळी काढली आणि वाटीतल्या पाण्यात ठेवली. त्यांचे गाल आत गेले आणि सगळा उन्हाळा अंगावर काढलेलं म्हातारपण एकदम चेहऱ्यावर आलं. भाच्यानं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, एकदा चावला, आणि आज्जाला ऐकू गेलं की नाही म्हणून तोंड त्यांच्या कानाजवळ नेऊन पुन्हा चावला.